मुदत भरली, पुढे काय?

खामगाव-मलकापूरच्या पेठेत ज्यांनी कापसाचा व्यापार केला आहे, त्यांस मुदती हुंडी म्हणजे काय हे सांगावयास नको. हुंडीची मुदत भरली की ती पटविलीच पाहिजे. त्या दिवशी पेढीवाला सबबी सांगू लागला, तर त्या सबबी कितीही खऱ्या असोत, त्याची पत गेली असे सारी पेठ समजते. लोकांनी प्रतिनिधींच्या हाती दिलेली सत्ताही अशीच मुदतीची असते. ही मुदत आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कशी पाळली गेली, याचा विचार आज कर्तव्य आहे.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. १७८७ साली फिलाडेल्फिया शहरी जी राज्यघटना रचली गेली, तिची मूळ कलमे अवघी सात. कायदे करणारे मंडळ, ते अमलात आणणारा अध्यक्ष आणि न्याय देणारी न्यायालये अशी सत्तेची तीन अंगे तिने निरनिराळी केली व एकाचा वचक दुसऱ्यावर राहील अशी तजवीज केली. अध्यक्षाने कायदा नाकारला, तर दोन्ही सभागृहांस दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर करता येतो. अध्यक्षाने न्यायाधीश नेमावयाचा, तर सिनेट सभेची संमती लागते. इतके बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असते. परंतु त्या रचनेतील सर्वांत साधे व आमच्या मते सर्वांत मोलाचे बंधन मुदतीचे आहे. कनिष्ठ सभागृहाचा प्रतिनिधी दोन वर्षे, अध्यक्ष चार वर्षे, सिनेटचा सभासद सहा वर्षे! अध्यक्षाच्या निवडणुकीचा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरलेला आहे. तो पुढे ढकलण्याचा अधिकार अध्यक्षास नाही.

या बंधनाची कसोटी १८६४ साली लागली. देशात यादवी युद्ध पेटले होते. आपण हरणार असे खुद्द लिंकन यांस त्या ऑगस्टात वाटत होते व तसे त्यांनी कागदावर लिहूनही ठेविले होते. तरीही नोव्हेंबरात ठरल्या दिवशी मतदान झाले. त्या मतदानात बंडखोर राज्ये नव्हती, गुलामांस मत नव्हते आणि देशभरच्या स्त्रियांस मतासाठी १९२० पर्यंत वाट पाहावी लागली, हे आम्ही विसरत नाही. त्या राष्ट्राचे दोष घेऊ नयेत; पण तारीख पाळण्याचा गुण घेण्यास काय हरकत आहे?

विशेष हे की, अमेरिकेच्या घटनेत गावाच्या वा जिल्ह्याच्या कारभाराचा उल्लेखही नाही. तो विषय राज्यांकडे राहिला. आमची घटना याहून एक पाऊल पुढे गेली आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींची मुदत पाच वर्षे ठरविली व ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे असे बजाविले. आता या लेखाचा अंमल पाहा. बुलढाणा जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली, मुदत २०२२ च्या मार्चात भरली, आणि २०२५ साल सरले तरी नवी निवडणूक झाली नाही. तेरा तालुक्यांच्या शाळा, आरोग्य केंद्रे, रस्ते व पाणी यांचा कारभार त्या काळात प्रशासकाने पाहिला.

विलंबाचे कारण क्षुद्र होते असे आम्ही म्हणणार नाही. मागासवर्गीयांस किती जागा राखून ठेवाव्यात, हा वाद सर्वोच्च न्यायालयात होता व त्यांस प्रतिनिधित्व मिळावे हे आमचेही मत आहे. परंतु वादापायी निवडणूकच थांबल्याने मिळाले काय? त्या वर्गांस एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांकरिता राखीव आहेत. त्या जागांवर एकही स्त्री बसली नाही. ज्यांच्या हक्कासाठी भांडण, त्यांचेच आसन रिकामे!

कोणी म्हणतील, अधिकारी प्रामाणिक असला म्हणजे पुरे. आमचा आक्षेप व्यक्तीवर नाही. जिल्हा परिषदेत ठराव सभासदांनी करावा व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने तो अमलात आणावा, अशी योजना आहे. तोच अधिकारी प्रशासक झाला की ठरविणारा व करणारा एकच होतो. फिलाडेल्फियाच्या धुरीणांनी जी अंगे निराळी केली, ती येथे एका खुर्चीत बसतात. मेहकरच्या शेतकऱ्याने आपल्या गावची गळकी शाळा कोणास दाखवावी? प्रशासक मुंबईस उत्तर देतो. मेहकरच्या मतदारास उत्तर देण्याचे बंधन त्याजवर नाही.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ पूर्वीच्या आरक्षणाप्रमाणे चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे फर्माविले. ती मुदतही टळली. पालिकांसाठी मतदान अखेर डिसेंबरात झाले, जिल्हा परिषदेसाठी तेव्हाही नाही. जुन्या व्यवस्थेने निवडणूक घेणे २०२५ साली शक्य होते, तर २०२२ साली ते अशक्य का ठरले? आमची सूचना साधी आहे. गट, याद्या व आरक्षण यांचे काम मुदतीपूर्वी एक वर्ष संपावे. वाद उरल्यास मागील व्यवस्थेने मतदान व्हावे, व निकालाचा लाभ पुढील खेपेस द्यावा. असा स्पष्ट कायदा विधिमंडळाने करावा.

व्यापारी आपल्या वहीत हुंडीची तिथी लिहून ठेवतो, कारण ऋणको ती आपणहून आठवीत नाही. मतदारांनीही आपल्या जिल्हा परिषदेची व पालिकेची मुदत कोणत्या दिवशी भरते हे लिहून ठेवावे, आणि त्या दिवसाच्या वर्षभर आधीपासून तगादा लावावा. ज्याचे येणे, त्यानेच ते मागावे लागते.