मुखपृष्ठामागचा चित्रकार

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या 'प्लेयर्स हँडबुक'चे १९७८ सालचे मुखपृष्ठ डेव्हिड ट्रॅम्पियर या अमेरिकन चित्रकाराचे. १९८८ साली 'ड्रॅगन' मासिकातील त्यांची 'वर्मी' ही चित्रमालिका अर्ध्यावर थांबली आणि ते या क्षेत्रातून नाहीसे झाले. इलिनॉयमधील कार्बनडेल येथे ते टॅक्सी चालवत असल्याचे २००२ साली एका विद्यार्थी-वृत्तपत्रातील लेखामुळे उघड झाले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयीचे लेखन पुष्कळदा या अज्ञातवासातच रमते, हे आम्हाला खटकते. चरित्राच्या कुतूहलाने कलाकृती झाकोळून जाणे साहित्यसमीक्षेलाही अपरिचित नाही. ते मुखपृष्ठ नीट पाहावे. लढाई संपलेली आहे. मारल्या गेलेल्या सरडेमानवांची प्रेते ओढून नेली जात आहेत, कोणी तलवार पुसतो आहे, आणि वर दोन चोर अजस्र मूर्तीच्या डोळ्यातले रत्न उचकटत आहेत. पराक्रमाचा क्षण वगळून चित्रकाराने त्यानंतरच्या लोभाचा क्षण निवडला. रत्न निघाल्यावर काय होईल, हे खेळणाऱ्यांवर सोपवले. अशा चित्राला पुस्तकाची सजावट मानणे आम्हाला मान्य नाही. ते कथनच करते. ट्रॅम्पियर यांनी कुंचला का ठेवला, याचे तर्क लढवण्याआधी त्यांनी काय रेखाटले, याचे वाचन व्हावे.