खर्रा, रोजा आणि इच्छाशक्तीची शिकवणी

जुम्याच्या बयानात, शाळेच्या पालकसभेत, घरी अब्बांच्या तोंडी एकच वाक्य असतं: मनावर ताबा ठेव. खर्रा खाणाऱ्या पोराचं निदानही सगळ्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. हा कमजोर आहे.

मला हे निदान मान्य नाही. 2019 चा रमजान भर मे महिन्यात होता. अकोल्याचं ऊन, चौदा तासांच्या वर रोजा. एरवी तासातासाला पन्नी उघडणारा माणूस सहरीपासून मगरिबपर्यंत पाण्याचा घोटही घेत नव्हता. तेही महिनाभर! आणि इफ्तारची खजूर गिळते न गिळते तोच पाय पानठेल्याकडे. माणूस कमजोर असता तर दिवसाचे चौदा तास त्याला कसे जमले असते?

नियत होतीच, पण तिला साथही होती. घरात, मोहल्ल्यात सगळ्यांचाच रोजा, समोर पन्नी धरणारा दोस्त नाही, रोजा सोडायची वेळ ठरलेली. मगरिबनंतर ही साथ सुटते आणि तलफ तेवढी उरते.

बी.एड.ला आम्ही वाल्टर मिशेलचा प्रयोग शिकलो. 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांना विचारलं होतं, एक मिठाई आत्ता हवी की थोडं थांबून दोन? या गोष्टीतून आपले व्याख्याते इच्छाशक्तीचे गोडवे गातात. एक तपशील मात्र गाळतात. थांबलेली मुलं बहुधा मिठाईकडे बघत दातओठ खात बसली नव्हती. ती तोंड फिरवत होती, डोळे झाकत होती, गाणी म्हणत होती. मिठाई झाकलेली असली की थांबणं सोपं जायचं. 2018 साली मोठी फेरतपासणी झाली. तीत घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका पडला.

मग आमच्या पोरांसमोरची मिठाई झाकायची कुणी? शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, असा 2003 चा कायदा आहे. राज्यात गुटखा 2012 पासून बंद आहे. तरी अमरावतीत फाटकाबाहेर उभं राहून खर्रा घोटण्याचा आवाज ऐकू येईल अशा शाळा मी पाहिल्यात. आणि ठेल्याचा गाळा कधीकधी बयानाला मान डोलावणाऱ्या हाजीसाहेबांचाच असतो.

हाजीसाहेब, पोराच्या नफ्सचं नंतर बघू. येत्या रमजानआधी त्या गाळ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान बसवा. भाडं थोडं कमी येईल.