घर कोणाचे आणि पासबुक कोणाच्या खिशात?

नवे घर बांधू इच्छिणाऱ्याने ठेकेदाराला कोणते प्रश्न विचारावेत, याच्या याद्या वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. ठेकेदाराचा अनुभव किती वर्षांचा, त्याने पूर्वी बांधलेली घरे पाहता येतील काय, सिमेंट कोणते वापरणार, काम किती महिन्यांत पुरे होणार, लांबल्यास भुर्दंड कोणाला, तडे गेल्यास जबाबदारी कोणाची. प्रश्न सारे रास्त आहेत. परंतु ते अशा माणसासाठी लिहिलेले असतात, ज्याच्या हाती पैसा आधी असतो आणि ज्याच्या दारी ठेकेदार मागाहून येतो. गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यात हा क्रम उलटा आहे. येथे ठेकेदार आधी येतो, सरकारी पैसा त्याच्या मागून येतो आणि घरमालक म्हणवला जाणारा माणूस त्या दोहोंच्या मागे हात जोडून उभा असतो. प्रश्न विचारण्याची मोकळीक हादेखील या समाजव्यवस्थेत मालमत्तेचाच एक भाग आहे, हे त्या याद्या लिहिणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

शहरातल्या सदनिकाधारकाला निदान कायद्याचा आधार तरी आहे. संसदेने २०१६ साली स्थावर संपदा कायदा केला, २०१७ साली महाराष्ट्रात त्यासाठी प्राधिकरण उभे राहिले. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन विकासकावर आले. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारीही आली. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा ८ सदनिकांपर्यंतची इमारत नोंदणीतून वगळण्यात आली, आणि स्वतःच्या जागेवर स्वतःपुरते घर बांधून घेणारा तर त्या कायद्याच्या नजरेतही येत नाही. म्हणजे पुण्यात एक कोटीची सदनिका घेणाऱ्याला ५ वर्षांची हमी, आणि कुरखेड्याच्या शेतमजुराला ठेकेदाराचा शब्द! ग्राहक संरक्षणाच्या कायद्यात १९९३ पासून गृहबांधणी ही 'सेवा' मानली गेली आहे आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती तशीच आहे. परंतु जिल्हा आयोगापुढे जायचे तर हाती पावती हवी, आणि पावती हीच तर या व्यवहारात कधी फाडली जात नाही.

आता सरकारी घरकुलाकडे वळू. तालुक्यातल्या गरिबाचे पक्के घर बहुधा याच वाटेने उभे राहते. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. आदिवासींसाठी राज्याची शबरी योजनाही आहे. या साऱ्या खटाटोपात एक नियम इंदिरा आवासच्या काळापासून चालत आला आहे आणि तो कोणत्याही समाजवादी कार्यकर्त्याने मान्य करावा असाच आहे: घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घ्यावे, ठेकेदाराला या कामात शिरकाव नाही. नियम उत्तम आहे. तो मोडण्याची सारी सोय त्याच योजनेच्या हप्त्यांत करून ठेवलेली आहे.

मंजुरीनंतर पहिला हप्ता खात्यात पडतो खरा. पण तेवढ्यात पाया खणून जोते वर येत नाही. पुढचा प्रत्येक हप्ता काम झाल्यावर, त्याचे छायाचित्र सरकारी यंत्रात चढल्यावर मिळायचा. जोते झाले की पैसे, भिंती वर गेल्या की पैसे, छत पडले की पैसे. ज्या माणसाजवळ जोते बांधण्याइतका पैसा असता, तो घरकुलाच्या यादीत कशाला आला असता? योजनेच्या आराखड्यात ७० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची भाषा आहे. परंतु भूमिहीन मजुराला तारणावाचून असे कर्ज मोकळ्या हाताने देणारी बँक कोठे आहे? मग काम आधी आणि दाम नंतर या अटीतून जी पोकळी तयार होते, तीत ठेकेदार शिरतो. त्याच्यापाशी वीटभट्टीवाल्याची ओळख असते, ट्रॅक्टर असतो, सिमेंटच्या दुकानात उधारी चालते. तो नावाने बांधकाम करणारा, वृत्तीने सावकार. उधारीच्या बदल्यात तो पासबुक मागतो, आणि हप्ता जमा झाला की लाभार्थ्याला दुचाकीवर बसवून अंगठा उमटवण्यासाठी घेऊन जातो. कागदोपत्री ठेकेदार कोठेच नसतो. त्यामुळे त्याला जाब विचारण्याची वेळ येते तेव्हा अधिकारी नियमाकडे बोट दाखवतात: ठेकेदाराला बंदी आहे, तुम्ही तो नेमलाच कसा?

या कात्रीत माणूस सापडतो तो नेमका पावसाच्या तोंडावर. नव्या घरासाठी जागा एकच असल्याने जुने घर आधी पाडावे लागते. कुडाच्या भिंती, कवेलूचे छप्पर, सागाचे दोन-चार खांब काढून अंगणात रचले जातात, संसार ताडपत्रीखाली येतो. उन्हाळ्यात घरातली धडधाकट माणसे तेंदूपत्त्याच्या हंगामाला जातात, कारण रोख पैसा मिळण्याचे ते दिवस. जूनमध्ये पाऊस लागतो, मग रोवणी. ठेकेदाराने एकाच वेळी पंधरा-वीस जोती धरून ठेवलेली असतात. ज्याचा हप्ता आधी निघेल त्याच्याकडे मजूर वळवायचे, हा त्याचा हिशेब. राहिलेल्यांच्या जोत्यांवर गवत उगवते. कुरखेड्याचा पाऊस जंगलपट्टीचा आहे. ताडपत्री त्याला किती पुरणार?

अशा स्थितीत ठेकेदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न अनुभवाचा नव्हे, तर पासबुकाचा आहे. ते कोणाच्या घरी राहणार? हप्ता निघेल तेव्हा त्यातला किती पैसा कोणत्या मालापोटी दिला, हे कोणत्या वहीत, कोणाच्या सहीने लिहिले जाणार? एकाच वेळी त्याने किती घरे हाती घेतली आहेत, आणि पावसाळ्यापूर्वी छत पडणार नसेल तर जुने घर पाडायला तो आज का सांगतो आहे? या प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्याशी सिमेंटच्या गोण्यांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

मालाचे प्रश्न त्यानंतरचे, पण तेही सोडून द्यायचे नाहीत, आणि ते विचारायला अभियंता असावे लागत नाही. १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांबीची सळाख काट्यावर साधारण साडेदहा किलो भरली पाहिजे. ८ मिलिमीटरची पावणेपाच किलोच्या आसपास. वजन फारच कमी भरले तर सळाख नावापेक्षा बारीक आहे, इतके कोणत्याही किराणा दुकानातल्या काट्याला कळते. रेती ब्रासवर मोजतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि रेतीची उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि शंभराने भागावे. 'एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास' हे ठेकेदाराचे गणित तेथेच उघडे पडते. घरकुलासाठी पाच ब्रास रेती विनामूल्य देण्याचे धोरण राज्य शासनाने जाहीर केले आहे. ती रेती कोणत्या घाटावरून, कोणाच्या नावाच्या पासावर उचलली आणि कोणाच्या जोत्यावर पडली, हे विचारायलाच हवे. स्लॅबवर किमान दहा दिवस पाणी कोण मारणार? विहीर आटलेली असताना, मे महिन्यात, टँकरचा खर्च कोणाचा? पाणी न मिळालेला स्लॅब पहिल्या पावसातच गळू लागतो. योजनेच्या व्याख्येप्रमाणे पक्के घर ३० वर्षे टिकले पाहिजे, आणि त्या व्याख्येची आठवण ठेकेदाराला करून देणारा सरकारी माणूस छायाचित्र काढून कधीच निघून गेलेला असतो.

एक प्रश्न मात्र कोणत्याच पुरवणीतल्या यादीत सापडणार नाही, आणि पक्षाच्या कार्यकर्त्याने तो वगळला तर त्याने कार्यकर्ता म्हणवून घेऊ नये: या घरावर राबणाऱ्यांना मजुरी काय मिळते? गिट्टी-रेतीचे घमेले डोक्यावरून वाहणाऱ्या रेजाला मिस्त्रीच्या किती पट कमी, आणि त्याच कामाच्या पुरुष मजुरापेक्षाही कमी का? बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा कायदा १९९६ साली झाला. महाराष्ट्रात कल्याण मंडळ उभे राहायला २०११ उजाडले. मंडळात नाव नोंदवायचे तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदार देतो काय? कामगार पडून जायबंदी झाला तर दवाखान्याचे पैसे कोणाचे? ज्याचे घर उभे राहते तो स्वतःही उद्या दुसऱ्याच्या घरावर घमेले उचलणारच आहे. घर स्वस्तात पडावे म्हणून त्याने आज शेजाऱ्याच्या मजुरीवर डोळा ठेवला, तर ठेकेदाराला याहून अधिक काय हवे?

परंतु सर्वांत कठोर प्रश्न ठेकेदाराला विचारायचेच नाहीत. ते शासनाला विचारायचे आहेत. डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागासाठी घरकुलाचे साहाय्य २०१६ साली १ लाख ३० हजार रुपये ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने आणखी दोन कोटी घरांचा संकल्प सोडला, आणि आकडा तोच ठेवला. आठ वर्षांत सिमेंट, लोखंड, विटा आणि मजुरी यांपैकी कोणती वस्तू जागेवर थांबली होती? २०२५ साली राज्याने ५० हजारांची भर घातली, तीतही १५ हजार सौरपट्ट्यांसाठी. पंचवीस चौरस मीटरचे घर एवढ्यात पुरे होत नाही, हे मंत्रालयाला ठाऊक नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. उरलेली रक्कम गरिबाने कर्जातून उभी करावी आणि घराचा फलक मात्र योजनेच्या नावाने लागावा, असा हा सौदा आहे. चुनखडी राजुरा-कोरपन्याची, सिमेंटचे कारखाने गडचांदूर, आवारपूर आणि घुग्गुसचे, लोहखनिज सुरजागडचे. तरी कुरखेड्याच्या माणसाने गोणी आणि सळाख बाजारभावानेच घ्यायची. याच जंगलपट्टीतले सागवान मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत रवाना झाले. जंगलात राहणारा माणूस मात्र आपल्या दाराच्या चौकटीसाठी लोखंडी पट्टी विकत आणतो.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. आदिवासी, अशिक्षित माणसाला घर बांधून घेणे कसे जमणार, ठेकेदार नसेल तर घरकुले कागदावरच राहतील, असे अधिकारी सांगतात आणि काही पुढारीही माना डोलावतात. हा युक्तिवाद निखालस खोटा आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांबूचा कूड विणून, मातीने लिंपून, पावसाची दिशा पाहून घरे बांधली, त्यांना घराचे ज्ञान नाही असे म्हणणाऱ्याने त्या घरात एक दुपार काढावी आणि मग पत्र्याच्या छताखाली एक दुपार काढावी. सिमेंटचे काम नवे आहे, हे खरे. ते शिकवता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. पण दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांच्याच हाती सोपवले होते. शेकडो गावांतल्या बायकांनी 'संवाद सहायक' म्हणून सिमेंट मोजले, कामावर लक्ष ठेवले. लातूर-उस्मानाबादच्या बायकांना जे जमले ते कुरखेड्याच्या बायकांना जमणार नाही, याला आधार काय?

एंगल्सने १८७२ साली गृहप्रश्नावर लिहिताना कामगाराला छोट्या घराचा मालक करून प्रश्न सुटत नाही, उलट तो जागेला जखडला जातो, असे बजावले होते. त्याचा दाखला देऊन घरकुलाकडे पाठ फिरवणारे काही विद्वान मित्र आहेत. त्यांनी गिरणीच्या चाळी आणि धानाच्या बांध्या यांतला फरक पाहावा. येथला माणूस घराने नव्हे, जंगलाने आणि बांधीने गावाशी बांधलेला आहे.

आणि ठेकेदाराला वठणीवर आणण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमीत ठेकेदाराला मज्जाव होता, २००५ च्या केंद्रीय कायद्यातही होता. त्याहून जवळचा धडा तेंदू आणि बांबूचा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ पासून गडचिरोली आणि गोंदियाच्या ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. कुरखेड्याला लागून असलेल्या कोरचीत त्यांची महाग्रामसभा उभी राहिली. व्यापाऱ्याला गावासमोर बसवून भाव, मुदत आणि अनामत यांवर बोलणी झाली. रकमा थकवणारे व्यापारी तेथेही भेटले. परंतु थकबाकी ठरावात नोंदलेली असल्याने ती मागता आली. एकेकट्या मजुराला हे कधी साधले नसते.

पाचव्या अनुसूचीतल्या या तालुक्यात घरकुलांच्या बाबतीतही हेच व्हायला हवे. ज्याला गावात काम करायचे आहे त्या मिस्त्रीने किंवा ठेकेदाराने ग्रामसभेसमोर यावे. पासबुकाचा, मालाचा, पाण्याचा, मजुरीचा प्रश्न त्याला तेथे, सर्वांदेखत विचारला जावा. उत्तरे ठरावाच्या वहीत उतरावीत आणि त्याखाली त्याची सही असावी. ज्या ग्रामसभांजवळ तेंदूचा पैसा आहे त्यांनी तो जोत्यापुरता उसना द्यावा आणि हप्ता आला की वळता करून घ्यावा. गावच्या सगळ्या घरकुलांचे सिमेंट-लोखंड एकदम घ्यावे. नगरपंचायतीत गेलेल्या कुरखेडा गावात प्रभागसभांनी तसे करावे. शासनाकडे मागणी दोनच गोष्टींची: हप्ता काम झाल्यावर नव्हे, काम सुरू करण्याआधी, आणि घरकुलांची मंजुरी उन्हाळ्याच्या शेवटी नव्हे, तर धानाची कापणी आणि चुरणा आटोपताच, डिसेंबरात, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी छताखाली जायला माणसाला सहा महिने मिळतील.