आधी स्टिकर काढा, मग रंगाचं बोलू

श्रावण तोंडावर आला की आमचे फोन वाजायला लागतात. गणपतीच्या आत घराला रंग हवा असतो. अलीकडे त्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, “दादा, भिंतीला स्टिकर लावलाय, तो काढत बसू नका, वरूनच दोन हात मारा.” चिपळूण आणि आसपासच्या गावांत मी रंगकाम करतो. वडील चुना लावायचे, मी ऑइल बाउंड डिस्टेंपरवर शिकलो, आता इमल्शन आणि पीयू (पॉलियुरेथेन) करतो. वरून हात मारायच्या या कामाला मी नाही म्हणतो. पुष्कळांना वाटतं, पेंटर काम वाढवून पैसे काढतोय. म्हणून माझं म्हणणं एकदा नीट मांडायचं ठरवलं.

हे स्टिकर म्हणजे पीव्हीसीची पातळ शीट, मागे गोंद आणि त्याच्यावर सोलायचा कागद. संगमरवर, विटा, सागवान, हवं ते डिझाइन मिळतं. रोल आणला की घरातलीच दोन माणसं संध्याकाळपर्यंत आख्खी भिंत झाकून टाकतात. ज्यांनी लावलं त्यांच्यावर माझा राग नाही. भर पावसात भिंत सुकत नाही, पेंटर मोकळा नसतो, चाकरमानी मुंबईहून निघालेले असतात आणि नेमके मखरामागेच पोपडे लोंबत असतात. अशा वेळी माणूस दुसरं काय करणार? खरी अडचण पुढच्या वर्षी येते. कडा सुटतात, सांध्यात काळी रेघ धरते, मध्ये फुगवटे येतात. मग ते झाकायला रंग हवा असतो.

आमच्याकडची जुनी घरं जांभ्याची. जांभा पाणी पितो आणि उघडीप पडली की सावकाश सोडतो. वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग होता तेव्हा ही वाफ भिंतीतून सहज बाहेर पडायची. चुन्याचे पोपडे निघायचे, दरवर्षी हात मारावा लागायचा, पण ओल आत कोंडून राहत नसे. त्याच भिंतीला आतून प्लास्टिक चिकटवलं की ओल तिथवर येते आणि तिथंच थांबते. मागे असतो गोंद, जुना डिस्टेंपर, वर्षानुवर्षांची धूळ. बुरशीला आणखी काय लागतं?

भिंत कोरडी आहे की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्यायचा, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत तेवढ्यापुरती गडद झाली, तर रंगाचा डबा उघडायचा नाही. स्टिकर लावलेल्या घरात हीच परीक्षा पूर्ण भिंतीवर वर्षानुवर्षं चाललेली असते. तिचा निकाल शीट काढल्याशिवाय कळत नाही, आणि वरून रंग मारला तर तो आणखी काही वर्षं कुणाच्याच नजरेला पडत नाही.

2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. पाणी ओसरलं, चिखल निघाला, भिंती मात्र महिनोन्‌महिने ओल्या राहिल्या. जाड भिंत अशी एकदा आतपर्यंत भिजली की तिला सुकायला दिवस नाही, महिने लागतात. पण पुराची ती मातकट रेघ रोज डोळ्यांसमोर घेऊन कोण राहील? काही घरांनी शीट लावून टाकली. आधीच सगळं वाहून गेलेलं, निदान भिंत तरी बरी दिसावी, एवढीच त्यामागची भावना होती. पुढे अशाच एका घरी मला रंगासाठी बोलावलं, तेही “वरूनच मारा” म्हणून. मी एक कोपरा सोलला. जमिनीपासून पार रेघेच्या उंचीपर्यंत काळी आणि हिरवट बुरशी होती, गिलावा बोटानं निघत होता. त्या भिंतीला लागून आजींची खाट होती, आणि त्यांचा खोकला हटत नाही म्हणून घरचे हैराण होते. त्यांच्या खोकल्याचं कारण ती भिंतच, असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण ओल, बुरशी आणि दमा-खोकल्याचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत मांडलाय. हे माहीत असताना त्या भिंतीवर शीटसकट रंग चढवणं मला जमणार नव्हतं. घरच्यांनी ऐकलं, खाट दुसऱ्या खोलीत नेली, आणि ती भिंत आम्ही उन्हाळाभर उघडी ठेवली.

भाड्यानं खोल्या देणाऱ्यांशी मात्र मला जरा कडक बोलायचंय. नवा भाडेकरू येण्याआधी ओलीवर शीट चिकटवायची, शीट खराब झाली की तिच्यावर रंग, आणि भाडेकरू जाताना भिंत खराब केली म्हणून अनामत रकमेतून कापायचं, हे मी पाहिलेलं आहे. ही फसवणूक आहे, आणि तिला पेंटरनं हातभार लावू नये असं माझं मत आहे.

आता रंगाच्या बाजूनं बघू. पीव्हीसी मुळात कडक, नळाचा पाइप आठवा. 1926 मध्ये वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं ते मऊ करायची युक्ती शोधली, तेव्हापासून त्याची लवचीक रूपं निघाली. मऊपणासाठी त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, प्लॅस्टिसायझर. ते प्लास्टिकला पक्कं बांधलेलं नसतं, हळूहळू बाहेर येतं. वर रंग असेल तर रंगात शिरतं. म्हणून स्टिकरवरचा रंग पहिले काही महिने छान दिसतो आणि उन्हाळ्यात हाताला चिकचिकायला लागतो. त्याच्यावर धूळ बसते, पुसली तर डाग पसरतो. ऑइलपेंटचं तर आणखी वाईट, कधी कधी तो नीट वाळतच नाही. त्यात गुळगुळीत प्लास्टिकला रंग धरून ठेवायला छिद्रं नसतात. गिलाव्यात प्रायमर मुरतो, इथं तो नुसता वर बसतो. खुर्चीची पाठ घासली, नख लागलं की सालीसारखा निघतो. थिनरमधला प्रायमर मारून बघावा तर शीटच सुरकुतते. आणि दोन पट्ट्यांचा सांधा कितीही हात मारले तरी दिसतोच, सकाळच्या तिरप्या उन्हात तर फारच.

सगळ्याच प्लास्टिकवर रंग बसत नाही असंही नाही. किचन ट्रॉलीच्या मेम्ब्रेनच्या दारांवर असतं तेही पीव्हीसीच, पण कारखान्यात गरम करून एमडीएफवर दाबून बसवलेलं आणि बरंच कडक. ते कुठंही सुटलेलं नसेल तर मी रंगवून देतो. कपाटाची आतली फळी, अभ्यासाचं टेबल अशा कोरड्या जागी चिकटवलेली शीटसुद्धा कडेपर्यंत घट्ट असेल, आणि ती काढायची खरंच सोय नसेल, तर करता येतं. पण पद्धत पाळावी लागते. आधी भांड्यांच्या साबणानं तेलकटपणा धुवायचा. मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक पूर्ण जाईपर्यंत हलक्या हातानं घासायचं, शीट फाटता कामा नये. धूळ पुसायची, आणि प्लास्टिकला धरणारा अ‍ॅडहेजन प्रायमर पातळ मारून दिवसभर वाळू द्यायचा. आडबाजूला ब्लेडनं फुलीसारखी चीर देऊन त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर प्रायमर आला तर काम तिथंच थांबवायचं. नाही आला तर पुढचे दोन हात, तेही पातळ. एवढं करूनही मऊ शीटची हमी मी देत नाही, आणि तसं आधीच सांगतो.

बाहेरच्या भिंतीला आतून लावलेली शीट, न्हाणीघर आणि गॅसमागची भिंत, या जागी मात्र कुठल्याही पद्धतीनं नाही. गॅसजवळ पीव्हीसी रोज तापतं, सुटतं, आणि पेटलं तर त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. तो डोळ्यांना आणि घशाला भाजतो. तिथं टाइल असतेच, शीट काढली तर ती खालून बहुधा शाबूत निघते.

काढणं वाटतं तेवढं अवघडही नाही. कोपऱ्यापाशी हेअर ड्रायरची ऊब द्यायची, गोंद सैल होतो. मग शीट भिंतीपासून लांब न ओढता, भिंतीलगत मागे दुमडत सावकाश सोलायची. घाईत ओढली तर लांबी (पुट्टी) आणि गिलाव्याचे टवके सोबत येतात. ज्योतीचा टॉर्च कधीही वापरू नये. टाइलवर उरलेला गोंद रॉकेलनं किंवा खोबरेल तेलानं निघतो, पण नंतर साबणाचं पाणी हवंच. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, आणि भिंत ओली करूनच खरवडायची. जुन्या दार-खिडक्यांवरची शीट काढताना आणखी सांभाळावं लागतं. खाली जुना ऑइलपेंट असतो आणि त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची सुकी धूळ लहान मुलांच्या घरात उडवायची नसते. पाणी लावून घासावं, आणि लादी ओल्या फडक्यानं पुसावी.

एवढी मेहनत कुणी करत नाही याचं कारण आमच्या धंद्याच्या हिशेबात आहे. दर चौरस फुटावर ठरतो, तोही तयार दिसणाऱ्या भिंतीचा. कोटेशनमध्ये लांबी, प्रायमर, दोन हात, कंपनीचं नाव, शेडचा नंबर असं सगळं असतं, खरवडण्याची ओळ नसते. जो मुलगा दिवसभर मास्क लावून गोंद काढतो त्याच्या त्या दिवसाचे पैसे कुणाच्याच खिशातून निघत नाहीत. मग ठेकेदार म्हणतो, मारा वरून. गिऱ्हाईक खूश, मजूर मोकळा, आणि भिंत होती तशीच. भारी इमल्शनसाठी घासाघीस न करणारी माणसं खरवडण्याच्या मजुरीवर मात्र अडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रंग किती वर्षं टिकणार ते त्या खरवडण्यावर ठरतं. माझ्या कोटेशनमध्ये आता ही ओळ वेगळी आणि सगळ्यात वर असते. ज्यांना नको असेल त्यांनी दुसरा पेंटर बघावा, काम गेलं तरी चालेल.

यंदा ज्यांच्या मखरामागे अशी शीट आहे त्यांच्यासाठी माझा प्रस्ताव असा. आत्ता फक्त शीट काढू आणि भिंत धुऊन घेऊ. चुन्याचा गिलावा असेल तर वर चुन्याचा एक हात मारू, सिमेंटचा असेल तर भिंत तशीच उघडी राहू दे. मखरामागे पडदा सोडा, पण भिंतीपासून चार बोटं पुढे. दिवाळीनंतर ओल कुठून येतेय ते शोधू, कौलं, पन्हळ, बाहेरच्या भिंतीची भेग, न्हाणीचा पाइप, आणि जे सापडेल ते दुरुस्त करू. माघात प्लास्टिकचा तुकडा चिकटवून एक दिवस ठेवू. कोरडा निघाला तर लांबी भरायला मी दुसऱ्या दिवशी येतो. तोपर्यंत रंगाचे पैसे आगाऊ देऊ नका, मलाही नाही.