मनीचा जमाखर्च



या सदरातून आम्ही रेशनकार्डापासून मुलांच्या फॉर्मपर्यंत घरसंसाराच्या अनेक गोष्टींवर लिहीत आलो आहोत. आजचा विषय मांजराचा आहे. कुणी हसेल. महिनाअखेरीला डाळ-तांदळाची जुळवाजुळव करणाऱ्या घरांत मांजर लठ्ठ झाल्याची चर्चा कशाला, असेही कुणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो. पण चाळीत, वस्तीत, बैठ्या घरांत मांजर पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्या मुक्या जिवाचे आपल्याच अज्ञानाने कसे हाल होतात, हे आम्ही आमच्या घरात पाहिले. म्हणून जे घडले ते, आमच्या चुकांसकट, येथे सांगत आहोत.

आमच्या घरी मनी नावाची मांजर आहे. सात वर्षांपूर्वी पावसाळ्यात जिन्याखाली भिजत बसलेली सापडली, तेव्हा ती ओंजळीत मावत होती. पुढे पिल्ले होऊ नयेत म्हणून तिचे ऑपरेशन करून घेतले. ते योग्यच झाले. पण ऑपरेशननंतर मांजराच्या शरीराची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मनी फुगत गेली. चाळीतल्या बायका म्हणत, "दादा, तुमची मनी चांगली खात्यापित्या घरची दिसते!" आम्हांला बरे वाटे. आमच्या लहानपणी ताटात काय असायचे ते आम्हांला ठाऊक आहे. त्या घरातले मांजर आज लठ्ठ आहे, याचा मनातून थोडा अभिमानच वाटत होता म्हणा ना.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मनीला पाठ चाटून साफ करता येईना. मान तिथवर पोहोचतच नव्हती, त्यामुळे शेपटीजवळच्या केसांच्या जटा झाल्या. खाटेवर उडी मारण्याआधी ती बराच वेळ अंदाज घेऊ लागली. एक दिवस खिडकीच्या कट्ट्यावर झेपावली ती पोहोचलीच नाही, धपकन खाली पडली. मुले हसली. ती मात्र खाटेखाली जाऊन संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

आता आमची चूक ऐका. आम्ही हिशेबाचे माणूस. खर्च फार झाला की खर्च बंद, हा आमचा सरळ नियम. मनीचे खाणे एकदम बंद केले आणि समोर फक्त कोरड्या भाकरीचा तुकडा ठेवला. भूक लागली की खाईल, असे म्हणालो. तिने भाकरीला तोंड लावले नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली आणि ती मलूल पडून राहिली. मुलांची आई म्हणाली, "आता तुमचा नियम पुरे झाला." पिशवीत घालून तिला परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेले. जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तेच.

डॉक्टरांनी आधी मनीला तपासले आणि मग आम्हांला फैलावर घेतले. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक मांजरवाल्याने लक्षात ठेवावे असे आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या अंगावरची चरबी एकदम यकृतात जाऊन साठू लागते. मांजराच्या यकृताला तो भार पेलत नाही. मग उलट्या होतात, लाळ गळते, हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळी पडते. उपचाराला उशीर झाला तर मांजर दगावते. म्हणजे आम्ही जो उपाय समजत होतो, त्यानेच तिचा जीव गेला असता. मनीला सलाईन लावावे लागले. दोन दिवस उकडलेल्या कोंबडीचा लगदा बोटाने चाटवावा लागला. चौथ्या दिवशी ती स्वतःहून खाऊ लागली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. तेव्हा पहिला नियम हाच की मांजराला उपाशी ठेवू नये. मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टर गाठावा.

दुसरा नियम असा की मांजर मांसाहारी प्राणी आहे, त्याला भाजी-भाकरीवर आणून बारीक करता येत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसमासळीतून मिळते. मांजराचे शरीर ते स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते कमी पडले तर डोळे आणि हृदय बिघडते. १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की, हृदय निकामी होत चाललेल्या बऱ्याच मांजरांच्या आहारात टॉरिनची कमतरता होती, आणि ते दिल्यावर ती सुधारली. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात त्याचे प्रमाण वाढवण्यात आले.

मांजर लठ्ठ आहे की नाही, हे घरी कसे ओळखावे? डॉक्टरांनी एक साधी युक्ती सांगितली. आपला एक हात सपाट पसरा आणि दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या पाठीवरून फिरवा. हाडे हलकेच लागतात. मांजराच्या बरगड्या अशा लागल्या तर मांजर ठीक. मूठ वळल्यावर वरच्या उंचवट्यांवर बोट फिरते तशा लागल्या तर ते हडकुळे. आणि तळहातावरून बोट फिरवल्यासारखे लागले, दाबल्याशिवाय हाड समजेना, तर ते लठ्ठ. वरून पाहिले तर बरगड्यांच्या मागे कंबर दिसली पाहिजे. पोटाखाली कातडीची सैल झोळी बऱ्याच मांजरांना असतेच, तिच्यावरून घाबरू नये.

मनीचे वजन भरले ५ किलो ८०० ग्रॅम. तिच्या अंगकाठीला ४ किलो पुरेसे होते. एवढे वजन असेच राहिले तर पुढे मधुमेह, सांधेदुखी, लघवीचे विकार मागे लागतात, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी हिशेब मांडून दिला. चार किलोच्या मांजराला वजन उतरवण्यासाठी दिवसाला सुमारे १६० कॅलरी द्याव्यात. आठवड्याला एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट व्हावी, म्हणजे मनीसाठी ५०-६० ग्रॅम. दोन टक्क्यांच्या वर घट नको.

हिशेब म्हटल्यावर आम्ही वही काढली. आठ दिवस मनी काय काय खाते ते लिहिले आणि डोळे उघडले. घरात तिच्या वाटीत कोरडे खाद्य कायम असे. ते रोज साठ ग्रॅम संपत होते, म्हणजे २२५ कॅलरी. सकाळी अर्धा कप म्हशीचे दूध, शंभरेक कॅलरी. खालच्या शिंपीदादांकडे चहाच्या वेळी दोन बिस्किटे, चाळीस. शेजारच्या मावशींकडे मांदेलीची डोकी, समोरच्या खोलीत बोंबलाचा तुकडा, साठ तरी धरा. बेरीज सव्वाचारशे! गरजेच्या अडीच पटीहून जास्त. आणि प्रत्येक घर म्हणत होते, आम्ही तर चिमूटभरच देतो.

वजन कमी करण्याचे खास खाद्य बाजारात मिळते. त्यात प्रथिने जास्त असतात, पोट भरल्यासारखे वाटते. परवडत असेल तर तेच चांगले. आम्ही डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की आमच्या पगारात ते बसणार नाही. त्यांनी नाक मुरडले नाही, दुसरा मार्ग दिला. नेहमीचे कोरडे खाद्य ३८ ग्रॅम, आणि वर बिनमसाल्याची, बिनचामडीची उकडलेली कोंबडी १० ग्रॅम. यापेक्षा जास्त कोंबडी नको, कारण नुसत्या मांसात कॅल्शियम आणि इतर गोष्टी पुरेशा नसतात. वरखाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये. कांदा-लसणाचा रस्सा मांजराला विषारी, त्याने रक्त बिघडते. सुक्या मासळीत मीठ फार. दूध बंद, कारण मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचत नाही. पाणी मात्र भरपूर. अंदाजाने वाटी भरायची नाही, काट्यावर मोजायचे. खाद्य बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचे.

दिवसाचे खाद्य आम्ही सकाळीच मोजून डबीत काढू लागलो आणि चार वेळा देऊ लागलो. थोडे पाणी शिंपडले की तेवढेच खाणे जास्त भासते. काही दाणे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाकायचे, म्हणजे पंजाने उकरून खावे लागते. धाकटी लेक सुतळीला कागदाचा बोळा बांधून रोज दहा मिनिटे तिला पळवी. पहाटे चारला मनी ओरडे. पहिले आठ दिवस कठीण गेले. ओरडल्यावर दिले तर ओरडण्याचीच सवय लागते, म्हणून आम्ही कान बंद केले. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर, भाजीच्या टोपलीत बसवून, टोपलीचे वजन वजा करून. दुकानदार दर पंधरवड्याला विचारी, "भाऊ, काय भाव लावू?"

पहिल्या दोन महिन्यांत साडेतीनशे ग्रॅम उतरले. नंतर महिनाभर काटा हललाच नाही. वहीत सगळे बरोबर, डबी बरोबर, मग फरक कुठला? ताळेबंद जुळला नाही की कुठेतरी नोंद राहिलेली असते, हे आम्ही नोकरीत शिकलो आहोत. ती नोंद एका दुपारी सापडली. आमच्या आत्या, वय सत्तरीच्या पुढे, आमच्याजवळच राहतात. तुपात बुडवलेली चपाती आत्या मनीला खाटेआड भरवत होती.

आम्ही आत्याला बोललो. नको इतके बोललो. "तू तिला मारणार आहेस का?" असे शब्द तोंडातून गेले. आत्या गप्प बसली. रात्री जेवली नाही. मुलांच्या आईने समजूत काढली तेव्हा हळूच बोलली:

"बाळा, बहात्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडाया जायची. कामावर सुकडी मिळायची. अर्धी खायची, अर्धी पदरात बांधून पोरांला आणायची. घरात एक मांजर व्हतं. पदराचा वास आला की पायात घोटाळायचं. एक दिस म्या त्याला पायानं लोटलं. दोन दिसांनी गेलं कुठं तरी, परत आलं न्हाई. तवापास्नं कुणी पायात घोटाळलं, की माजा हात ऱ्हात न्हाई."

आम्हांला काय बोलावे ते सुचेना. आमची वही ज्या भुकेबद्दल काहीच जाणत नव्हती, ती भूक आमच्याच घरात, आमच्याच ताटाला ताट लावून बसली होती. आत्याचा हात धरून आम्ही क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी नवी वाटणी केली. दहा ग्रॅम कोंबडीचे चार बारीक तुकडे करायचे आणि ते फक्त आत्याने द्यायचे. आम्ही नाही, मुलांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही. आत्या शाळेत गेलेली नाही. तिने दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढायला सुरुवात केली, एका तुकड्याला एक रेघ. चार रेघा झाल्या की त्या दिवशीचा खडू बंद. शिंपीदादांनी बिस्किट पुढे केले तर आत्याच दारातून ओरडते, "आरं, तिचा डाक्टर हाय म्हणलं!" शेजारच्या मावशी आता खाण्याऐवजी मनीची पाठ विंचरून देतात.

वाचकहो, सात महिने झाले. मनी आज ४ किलो ६०० ग्रॅम आहे. अजून सहाशे ग्रॅम उतरायचे आहेत, म्हणजे आणखी तीन-चार महिने लागतील. पाठीवरच्या जटा गेल्या. खाटेवर ती एका उडीत जाते. खिडकीचा कट्टा अजून जमलेला नाही.

आपल्या घरी असे लठ्ठ मांजर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने उपास घडवू नका. मग आठ दिवस वही ठेवा. घरातल्या आणि शेजारच्या प्रत्येकाला विश्वासात घ्या. आणि घरात कुणी म्हातारे माणूस चोरून भरवत असेल, तर बोलण्याआधी त्याला कारण विचारा. ते कारण समजल्यावर मार्ग निघतो, असा आमचा अनुभव आहे.

हे लिहीत असताना दारावर तीन रेघा आहेत. चौथी रात्रीच्या जेवणाला होईल. मनी आत्याच्या पायाशी जाऊन बसली आहे.