विश्लेषण : कर्जाला राज्यघटनेचाच ब्रेक, मग जर्मनीने तो सैल का केला?

सरकारने किती कर्ज काढावे, हे थेट राज्यघटनेतच लिहून ठेवले तर? जर्मनीने २००९ मध्ये तेच केले. केंद्र सरकारची संरचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट, जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, असा हा ‘कर्जब्रेक’. आपला एफआरबीएम कायदा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. तिथे मात्र दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात.

आणीबाणीत सूट मिळते. करोनात ती घेतली गेली. गोम पुढे आहे. करोनासाठी मंजूर, पण न वापरलेली ६० अब्ज युरोंची कर्जमर्यादा सरकारने हवामान निधीकडे वळवली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनात्मक न्यायालयाने ते रद्द केले आणि अर्थसंकल्पाला भगदाड पडले. पैशांवरून आघाडीत वर्षभर धुसफूस चालली. नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांनी अर्थमंत्री ख्रिश्चन लिंडनर यांना काढले आणि सरकारच कोसळले.

नियमाची खरी खोट वेगळीच. पूल बांधायला काढलेले कर्ज आणि रोजचा खर्च भागवायला काढलेले कर्ज, त्याला दोन्ही सारखेच!

प्रचारात ब्रेकची बाजू घेणारे फ्रीडरिश मेर्त्स यांनीच निवडणूक जिंकताच, मार्च २०२५ मध्ये, घटनादुरुस्ती घडवली. संरक्षणावरचा जीडीपीच्या १ टक्क्यापुढील खर्च मर्यादेबाहेर गेला, पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा स्वतंत्र निधी आला. तोही मावळत्या संसदेकडून, घाईघाईने. कारण नव्या संसदेत एएफडी आणि डावा पक्ष मिळून एक तृतीयांशाहून जास्त झाले होते.