कॅमेऱ्याची राखण : टॅग, पावती आणि अचौर्य

किराणा दुकानातील माल एका रात्रीत कोणी सहज उचलून नेऊ शकत नाही. छायाचित्रकाराचे दुकान मात्र कोणीही खांद्याला अडकवून लग्नमंडपाबाहेर पडू शकतो. एक कॅमेरा, दोन-तीन लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या एवढ्या ऐवजात त्याचे लाखोंचे भांडवल एकाच पिशवीत असते. त्याच पिशवीतील नखाएवढ्या कार्डावर आपल्या घरचे लग्न किंवा गावचा पंचकल्याणक महोत्सव असतो. यंत्र पुन्हा विकत घेता येते. तो प्रसंग पुन्हा घडत नाही. म्हणून ही राखण केवळ छायाचित्रकाराची चिंता नाही.

अलीकडे या कामी नाण्यासारखे छोटे टॅग मिळू लागले आहेत. अ‍ॅपल कंपनीचा एअरटॅग २०२१ मध्ये आला. त्याचे वजन अवघे ११ ग्रॅम असून घड्याळात बसते तशी एक चपटी बॅटरी त्याला साधारण वर्षभर पुरते. त्यात उपग्रहाशी जोडलेली यंत्रणा नसते. तो ब्लूटूथचा क्षीण संकेत सोडत राहतो. जवळून जाणारा एखादा आयफोन तो टिपतो आणि ते ठिकाण मालकाच्या फोनवर दिसते. अँड्रॉइड फोनधारकांसाठी गुगलनेही २०२४ पासून असेच जाळे सुरू केले आहे. टॅग घेताना तो आपल्या फोनशी जुळतो की नाही, हे आधी पाहावे.

या साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. आसपास फोन नसतील तर टॅग मुका राहतो. कोणाचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून, अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असल्याची सूचना फोन देतात. ती चोरालाही मिळते. त्यामुळे टॅग पिशवीला बाहेर लटकवू नये, अस्तराच्या आत शिवून टाकावा. चोर अनेकदा पिशवी फेकून यंत्र तेवढे नेतो, म्हणून दुसरा टॅग कॅमेऱ्याच्या पट्ट्यात दडवावा. सिमकार्डावर चालणारे जीपीएस यंत्र इतरांच्या फोनवर अवलंबून नसते. पण त्याला मोबाइलचे नेटवर्क, वरचेवर चार्जिंग आणि सिमचे शुल्क लागते.

टॅगने ठिकाण दाखवले, तरी तेथे स्वतः धावून जाऊ नये. वस्तूपेक्षा जीव मोलाचा आहे. पडद्याचे चित्र जतन करून पोलिसांना सोबत घ्यावे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोठेही घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमाने दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते.

टॅग वस्तू कोठे आहे हे सांगतो. ती कोणाची आहे, हे सांगत नाही. यंत्रसामग्रीवर कर्ज देताना बँक प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेते. तोच शिरस्ता घरी पाळावा. कॅमेरा आणि प्रत्येक लेन्स यांचे अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पावती हरवली तरी एक आधार उरतो : अनेक कॅमेरे टिपलेल्या प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये आपला अनुक्रमांक नोंदवतात. विमा घेतानाही अटी नीट वाचाव्यात. उभ्या गाडीत राखणीविना ठेवलेल्या वस्तूची चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते.

आता थोडे आपल्या व्यापारी घराण्यांविषयी. चोरलेला कॅमेरा चोर छंदासाठी वापरत नाही, तो विकतो. चोरीला गेलेला मोबाइल संचार साथी पोर्टलवरून निकामी करता येतो; कॅमेऱ्याला तशी सोय नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळते. पावती नसलेली लेन्स निम्म्या किमतीत समोर येते, तेव्हा परीक्षा चोराची नसते, आपली असते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, हा एक आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ हेच सांगते : माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा गुन्हा आहे.

तेव्हा जुना कॅमेरा घेताना विक्रेत्याचे ओळखपत्र आणि मूळ पावती मागावी, तिच्यावरील अनुक्रमांक यंत्रावरील आकड्याशी ताडून पाहावा आणि रक्कम बँकेमार्फत द्यावी. विक्रेता कुरकुरला तर व्यवहार तेथेच सोडावा. सौदा हुकल्याचा तोटा आपण सोसू शकतो. ज्याची पिशवी गेली, त्याचा संसार तिच्यावर चाललेला असतो.

जय जिनेंद्र.